निनावी फॉर्म की टपरीवरचा प्रश्न?

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी 1955 साली मांडलेल्या 'जोहरी खिडकी'त, म्हणजे स्वतःला ओळखण्याच्या आराखड्यात, चार कप्पे आहेत. त्यातला एक लोकांना दिसतो, आपल्याला नाही. तिथं डोकवायचं तर दुसऱ्याला विचारावंच लागतं.

साहेबाबद्दल मत विचारणाऱ्या ऑफिसच्या निनावी फॉर्ममध्ये माणसं न घाबरता लिहितात. चौघांनी एकच गोष्ट लिहिली की ती झटकताही येत नाही. माझ्या फॉर्ममध्ये आलं होतं, 'ऐकून घेत नाहीत.' पण कधी, कुणाचं? उलट विचारणार कुणाला?

मग हिंजवडीत ऑफिसखालच्या टपरीवर एका ज्युनिअरला विचारलं, "कालच्या मीटिंगमध्ये माझं काय चुकलं?" तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मी बोलताना तुम्ही पेनाचं बटण टकटक करता. मला वाटतं तुम्हाला घाई आहे, मग मी आवरतं घेतो." इतक्या वर्षांत मला हे कळलंच नव्हतं!

म्हणून माझा कौल टपरीला. मात्र साहेबानंच विचारलं तर सुरुवातीला 'सगळं छान आहे' हेच उत्तर येतं. तिथं फॉर्म हवाच. आणि समोरचा बोलला, की लगेच सफाई देऊ नका. दिलीत तर तो पुन्हा बोलणार नाही.