फेट सिम्युलेशन वर्गात वापरून बघितलं, तर

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी हायस्कूलला विज्ञान शिकवते. दहावीला विजेचा धडा आला की दरवर्षी तीच अडचण, पोरं ओहमचा नियम घडाघडा म्हणतात, गणितं पण सोडवतात, आणि दोन सारखे बल्ब एकामागं एक जोडले तर कुठला जास्त पेटेल विचारलं की अर्धा वर्ग म्हणतो पहिला, कारण करंट आधी त्याच्यात जातो आणि थोडा तिथंच संपतो. फळ्यावर कितीही आकृत्या काढा, हे डोक्यातनं जात नाही.

यंदा फेटचं (PhET, कॉम्प्युटरवर विज्ञानाचे प्रयोग करून बघायची वेबसाइट) सर्किटवालं सिम्युलेशन प्रोजेक्टरवर लावलं. कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये हे काम सुरू केलं. पैसे नाहीत, लॉगिन नाही. बॅटरी, वायर, बल्ब ओढून जोडायचे आणि वायरमधनं निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात.

पण मी लगेच जोडून दाखवलं नाही. आधी प्रत्येकाला वहीत उत्तर लिहायला लावलं, कारण पण लिहायला लावलं, मग एका पोराला पुढं बोलावलं. दोन्ही बल्ब सारखेच पेटले. "टीचर, तुम्ही सेटिंग बदललं की काय?" म्हणून एक उठलाच, मग त्यानंच बल्बच्या अलीकडं पलीकडं करंट मोजणारा अमीटर लावून बघितला तर आकडा तोच. त्या दिवशी मी फार बोललेच नाही, पोरंच एकमेकांशी भांडत होती आणि मला ते लई आवडलं. शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीला आग लागलेली दिसते, ते तर चारदा करून बघितलं.

आमच्याकडं जांबोटी, कणकुंबी भागात पावसात लाईट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही. म्हणून सिम्युलेशनची फाईल बेळगावला गेल्यावर उतरवून आणते, ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. याच्यासाठीच मी पूर्ण मार्क देईन.

एक मात्र सांगते, यात सेल कधी उतरत नाही की वायर सैल होत नाही. त्यामुळं दुसऱ्या दिवशी खरा टॉर्चचा बल्ब आणि सेल हातात दिलेच पाहिजेत, बल्ब पेटला नाही तर चूक कुठं आहे ते शोधायला तिथंच शिकतात.

माझ्या बहिणीनं मुलासाठी हप्त्यावर एक महागडं ॲप घेतलं होतं, नाव नको. त्यात व्हिडिओ देखणे, पण पोरगा नुसता बघत बसायचा, त्याला काय वाटतं हे कुणी विचारतच नव्हतं. आता तो माझ्याकडं येऊन सर्किट जोडतो.

फेटवर मराठीतली पण सिम्युलेशन्स आहेत आणि कन्नडमधली पण. शेजारच्या कन्नड शाळेतल्या मॅडमना दाखवलं, त्या पेनड्राइव्ह घेऊनच गेल्या.