८६४ तुकड्यांचं एक चित्र: यूएसबी टीव्ही कॅप्चर डोंगल, आठ महिने वापरल्यानंतर

परवा विक्रेत्याच्या सर्व्हिस विभागाकडून तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं: "हे मॉडेल बंद झाले आहे, कृपया नवीन घ्यावे." मी विचारलं होतं एवढंच, की सीडीवरचा ड्रायव्हर (संगणकाला उपकरणाशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम) नव्या विंडोजवर बसत नाही, तर सही केलेली नवी प्रत मिळेल का. ६४ बिट विंडोजला व्हिस्टापासून कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते, आणि विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरवर खुद्द मायक्रोसॉफ्टची सही लागते. जुन्या सीडीवरच्या फाइलला ती कुठून असणार? हे डोंगल, म्हणजे व्हीसीआरसारख्या जुन्या यंत्राचं चित्र आणि आवाज यूएसबीतून संगणकात आणणारी डबी, धडधाकट आहे. जॅक घट्ट आहेत, चित्र येतं, आवाज येतो. एका फाइलपायी चालती वस्तू कचऱ्यात टाकायची हे मला अजिबात पटत नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी ते लिनक्सवर लावलं आणि शेवटी त्याचा ड्रायव्हर स्वतः लिहिला. त्याचा हा अनुभव.

डोंगल कसं दिसतं ते सांगत बसत नाही. मात्र दिसण्यावर जाऊ नका, कारण त्याच प्लॅस्टिकच्या डबीत निरनिराळ्या चिपा येतात. लावल्यावर एलएसयूएसबी (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी लिनक्सची आज्ञा) चालवा. १बी७१:३००२ दिसलं तर आत यूएसबीटीव्ही००७ आहे, ०५ई१:०४०८ दिसलं तर एसटीके११६०. दोन्हींचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहेत. एसटीके११६० चा ३.७ मध्ये म्हणजे २०१२ साली आला, यूएसबीटीव्हीचा ३.११ मध्ये, २०१३ साली. माझ्याकडे यूएसबीटीव्ही००७ आहे, तेव्हा पुढचं सगळं त्याबद्दल.

पहिले दोन महिने काही तक्रार नव्हती. डोंगल खोचलं की ते व्हिडिओ० नावाने हजर, एफएफएमपेग या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला सांगितलं की रेकॉर्डिंग सुरू. तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळा झालो असतो. मग घरची एक जुनी व्हीएचएस कॅसेट लावली. तिच्यात आजी अंगणात बसून काहीतरी सांगतेय आणि बोलता बोलता तिचा हात गचके खात हलतोय. टर्मिनलवर पिवळ्या ओळींची रांग लागली होती: "डीक्यूड व्हीफोरएल२ बफर कंटेन्स करप्टेड डेटा". व्हीफोरएल२ म्हणजे व्हिडिओ प्रोग्रॅमपर्यंत पोचवायची लिनक्सची ठरलेली पद्धत. तिच्यातून देताना ड्रायव्हरने फ्रेमवर, म्हणजे एका चित्रावर, खराब असा शिक्का मारला आणि एफएफएमपेगने ती टाकून दिली. दोघांचंही नियमाप्रमाणे बरोबर आहे. पण खराब म्हणजे नेमकी किती खराब, हे विचारायची सोय कुठेच नाही. माझं पुढचं सगळं डोकं तिथेच अडकलं.

हिशेब असा. पाल पद्धतीचं (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचं, सेकंदाला २५ फ्रेमा) चित्र ७२० गुणिले ५७६, दर पिक्सेलला २ बाइट, म्हणजे एका फ्रेमचे ८,२९,४४० बाइट. चिप ते अख्खं पाठवत नाही, १०२४ बाइटच्या तुकड्यांत पाठवते. प्रत्येक तुकड्यात ९६० बाइट चित्राचे आणि सुरुवातीला ४ बाइटचं डोकं (हेडर). त्या डोक्यात पहिला बाइट हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या संख्येत) ८८, ही ओळखीची खूण. मग फ्रेमची ओळख, मग हे विषम फील्ड (एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) की सम, आणि शेवटी तुकड्याचा क्रमांक. एका फील्डचे ४३२ तुकडे, दोन फील्ड मिळून ८६४. आता बघा: ९६० बाइट म्हणजे ४८० पिक्सेल, म्हणजे एका ओळीचा दोन-तृतीयांश भाग. ८६४ पैकी एक तुकडा आला नाही तर ५७६ ओळींपैकी एका, फार तर दोन ओळींचा मिळून तेवढा भाग गेला. आणि त्यासाठी अख्खं चित्र फेकायचं! आजीचा हात त्या बाकीच्या ८६३ तुकड्यांत होता.

तुकडे हरवतात तरी का? यूएसबीवर व्हिडिओ आयसोक्रोनस पद्धतीने जातो. त्यात जागा राखून ठेवलेली असते, पण एखादं पॅकेट बिघडलं तर ते पुन्हा मागता येत नाही. यूएसबी २.० मध्ये दर १२५ मायक्रोसेकंदांच्या मायक्रोफ्रेममध्ये जास्तीत जास्त ३ गुणिले १०२४ बाइट मिळतात, म्हणजे सेकंदाला २,४५,७६,००० बाइट. आपले तुकडे सेकंदाला २१,६००, म्हणजे साधारण २ कोटी २१ लाख बाइट. गाडी जवळजवळ भरूनच धावते. या चिपचा आवाज मात्र बल्क पद्धतीने येतो, आणि तिथे चुकलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जातं. चित्र हरवू शकतं आणि आवाज हरवत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिने मला पुढे बराच त्रास दिला.

कर्नलमधला ड्रायव्हर सुधारायचं आधी मनात होतं. पण त्याने फ्रेम दिली तरी तुकड्यांचा हिशेब व्हीफोरएल२ मधून वरच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवायला जागा नाही. बफर चांगला की खराब, एवढंच सांगता येतं. शिवाय कर्नलमधली चूक सगळं मशीन घेऊन बसते. म्हणून लिबयूएसबी (कर्नलबाहेरून यूएसबीशी बोलू देणारी लायब्ररी) घेऊन साधा प्रोग्रॅम लिहायचं ठरवलं. कर्नल ड्रायव्हरला बाजूला करायचं, इंटरफेस आपल्या ताब्यात घ्यायचा, ऑल्टरनेट सेटिंग (यूएसबी जोडणीची पर्यायी मांडणी) ० वर ठेवून रजिस्टरांची, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या जागांची, लांबलचक यादी कंट्रोल ट्रान्सफरने (यूएसबीच्या हुकूम पाठवायच्या वाटेने) लिहायची आणि मग सेटिंग १ करायची. ० वर बँडविड्थच राखलेली नसते, त्यामुळे ही शेवटची पायरी राहिली तर एकही बाइट येत नाही. रजिस्टरांची यादी कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये उघडी आहे. ज्यांनी ती खणून काढली आणि सगळ्यांसाठी ठेवली त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. निर्मात्याने त्यातलं अक्षरही कधी जाहीर केलेलं मी पाहिलं नाही.

तीन ठिकाणी मी अडलो, तुम्ही अडू नका. एंडपॉइंटचा (डोंगलमधून डेटा बाहेर पडतो त्या यूएसबीच्या टोकाचा) कमाल पॅकेट आकार वाचला तर ५१२० आला. तो आकार नव्हेच. हेक्समध्ये १४०० आहे ते: खालच्या बिटांत १०२४, आणि ११व्या-१२व्या बिटांत "आणखी दोन वेळा". खरा आकार ३०७२. लिबयूएसबीमध्ये आयसो पॅकेटचा आकार काढायचं वेगळं फंक्शन आहे, तेच वापरा, साधं वापरलं की ५१२० हाती येतो.

दुसरं, एका ट्रान्सफरमध्ये अनेक पॅकेटं असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पॅकेट अर्धंच भरून आलं तरी पुढचं त्याच्या ठरलेल्या जागीच असतं, सरकून मागच्याला चिकटत नाही. मी सगळा बफर सलग समजून वाचत होतो. पडद्यावर चित्राच्या तिरक्या चिंध्या दिसायच्या, मध्येच हिरवा पट्टा. चार रात्री रजिस्टरांना दोष दिला. दोष वाचण्याचा होता.

तिसरी गोष्ट आणखी फसवी. अख्खी ट्रान्सफर "यशस्वी" म्हणून परत येते तेव्हाही आतलं एखादं पॅकेट बिघडलेलं असू शकतं. प्रत्येक पॅकेटची अवस्था वेगळी तपासावी लागते. वरवरचा निकाल पाहून पुढे गेलात तर कचऱ्यालाच चित्र समजाल. तिथे ८८ ची खूण फार कामी आली. ती नसेल तो तुकडा घ्यायचाच नाही.

पहिली आवृत्ती चालली तेव्हा झालेला आनंद खरंच मोठा होता. पण मीही तिच्यात तोच कडक नियम ठेवला होता: ८६४ पूर्ण नाहीत तर फ्रेम बाद. पट्टीच्या चांगल्या भागावर सुरेख चालायचं. वाईट भागावर थोड्या वेळाने ओठ आणि शब्द जुळेनात. कारण वर सांगितलंच आहे: आवाज एकही थेंब न सांडता येत होता आणि चित्रं गळत होती. एक फ्रेम गळली की ४० मिलिसेकंद गेले. पंचवीस गळल्या की आवाज एक सेकंद मागे पडतो.

तेव्हा माझं मत बदललं. तोवर मी म्हणत होतो की डोंगल हलकं आहे, डेटा सांडतं. पण त्या ४ बाइटच्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि वाटलं, एवढ्या स्वस्त चिपने प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घातलाय! कोणता तुकडा कुठे बसायचा हे ती स्पष्ट सांगते. फेकण्याचा निर्णय तिचा नव्हता, आमचा होता. मग नियम उलटा केला. प्रत्येक फील्डसाठी ४३२ खणांची पाटी ठेवायची, आलेला तुकडा त्याच्या खणात टाकायचा, आणि फील्ड संपल्यावर रिकामे खण त्याच फील्डच्या वरच्या ओळीतून भरायचे. दोनशेहून जास्त खण रिकामे राहिले तर ते फील्ड सोडून दुसऱ्या फील्डच्या ओळी दुप्पट करायच्या. दोन्ही गेली तर मागचीच फ्रेम परत द्यायची. पण फ्रेम द्यायचीच. घड्याळ म्हणून आवाज धरला: ४८ किलोहर्ट्‌झला एका पाल फ्रेममागे आवाजाचे १९२० नमुने. तेवढे नमुने आले आणि फ्रेम आली नाही तर एक कमी आहे. सोबत एका साध्या फाइलमध्ये दर फ्रेमचे रिकामे खण लिहून ठेवतो. खराब म्हणजे किती खराब, या प्रश्नाचं उत्तर आता त्या फाइलमध्ये असतं.

त्या फाइलनेच दुसरं मत बदलायला लावलं. मी केबल बदलली होती, हब काढून टाकला होता, मदरबोर्डच्या मागचं पोर्ट धरलं होतं. फाइल पाहिली तर बहुतेक रिकाम्या खणांच्या वेळी एकही पॅकेट बिघडलेलं नव्हतं. यूएसबीने सगळं नीट आणलं होतं. चिपनेच तेवढे तुकडे पाठवले नव्हते, कारण जुन्या पट्टीवरचा सिंक (ओळ कुठे सुरू होते हे सांगणारी खूण) मोडला की तिला ओळच सापडत नाही. व्हीसीआरचं हेड साफ केलं आणि ट्रॅकिंगची चकती हळूहळू फिरवली, तशी फाइलमधली संख्या डोळ्यांदेखत खाली आली. तेव्हा केबलवर खर्च करण्याआधी व्हीसीआर उघडा.

जे खरंच यूएसबीमुळे हरवत होते ते माझ्या प्रोग्रॅमच्या दिरंगाईने. कर्नलचा ड्रायव्हर १६ ट्रान्सफर आणि प्रत्येकी ८ पॅकेटं ठेवतो, म्हणजे १६ मिलिसेकंदांची तरतूद. कर्नलमध्ये तेवढी पुरते. बाहेरच्या प्रोग्रॅमला डिस्कवर लिहिताना त्याहून जास्त वेळ लागतो. मी ३२ गुणिले ३२ केलं, १२८ मिलिसेकंद झाले. मेमरी ३ एमबी, यूएसबीएफएसची (लिबयूएसबी ज्यातून जाते त्या कर्नलच्या भागाची) मूळ मर्यादा १६ एमबी, त्यामुळे निवांत बसतं.

मध्यंतरी दोन व्हीसीआर एकदम चालवावेत म्हणून तसंच दुसरं डोंगल उसनं आणलं. उत्तर आलं: "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". डिस्क रिकामी करून काही होत नाही. ही जागा यूएसबीच्या मायक्रोफ्रेममधली आहे. आयसोक्रोनससारख्या राखीव वाहतुकीला मायक्रोफ्रेमच्या ८० टक्क्यांपर्यंतच वेळ मिळतो आणि एकच डोंगल त्यातला निम्म्याहून जास्त खातं. दुसरं वेगळ्या कंट्रोलरवरच्या पोर्टला लावलं की चालतं. त्या संदेशाचे शब्द कधीतरी बदलायला हवेत. माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

बाकीचं थोडक्यात. रंग ठीक, आवाज स्वच्छ. रेकॉर्ड करता करता बघायचं असेल तर मी फ्रेमा व्हीफोरएल२लूपबॅकमध्ये ढकलतो, म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅमला तो साधा कॅमेरा दिसतो. निव्वळ कॅप्चर हवं असेल आणि पट्ट्या चांगल्या असतील तर कर्नलचा ड्रायव्हर पुरेसा आहे, माझ्यासारखं काही लिहायची गरज नाही. आणि एचडीएमआय असलेलं काही पकडायचं असेल तर यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांचा सर्वमान्य नियम) पाळणारं उपकरण घ्या, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. जुन्या कॅसेटसाठी मात्र मी हेच डोंगल वापरणार.

आजीची कॅसेट पुन्हा चालवली. अंगणातल्या त्या भागात पूर्वी ४१ फ्रेमा बाद झाल्या होत्या. आता सगळ्या आहेत. हात उचलते तिथे मनगटाजवळ एक ओळ किंचित फरफटलेली दिसते, फाइलमध्ये त्या फ्रेमसमोर ३ लिहिलंय. तिचं वाक्य पहिल्यांदाच सलग ऐकू आलं. आंब्याच्या मोहराबद्दल बोलत होती ती.

पुढची कॅसेट एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत) आहे. तिथे फील्डमागे ४३२ ऐवजी ३६० तुकडे, आणि फ्रेममागे १९२० सारखा पूर्ण आकडा नाही, ५ फ्रेमांमागे ८००८ नमुने. खणांची पाटी एका ओळीत बदलली, घड्याळाचा भाग अजून नीट बसत नाहीये. तो बसला की इथेच खाली लिहीन.