स्पिटफायरला फायबरचं बॉनेट बसवलं, आता एक हिवाळा आणि एक उन्हाळा झाला

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर १५००, दोन सीटची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यातली, जिचं उत्पादन १९८० ला बंद झालं ती. मी राहतोही इकडे इंग्लंडच्या मिडलँड्सलाच. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नाही, दोन्ही मडगार्ड आणि हेडलाइटसकट अख्खं नाक पुढे उलटतं. मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड ज्यांच्या घरी होती त्यांना लगेच कळेल, चेसिसही त्याच घराण्यातली.

पत्र्याचं बॉनेट बऱ्याच तुकड्यांना वेल्डिंग करून बनलेलं असतं आणि सांध्यात पाणी बसतं, त्यात इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, मग काय, गंज आतून खात येतो आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून फायबर, म्हणजे रेझिनमधे काचेचे तंतू बसवून बनवलेलं.

बाजारात दोन प्रकार मिळतात. रेसिंगवाल्यांचं एकदम हलकं, अंगठ्याने दाबलं तर पापडासारखं वाकतं, आणि दुसरं रस्त्यासाठीचं जाड. सगळे वजन विचारतात, मी म्हणतो वजन सोडा, उलटं करून खालची बाजू बघा. बिजागरीच्या जागी आत लोखंडी पट्टी घातलीये का, कडा जाड आहेत का, आणि चाकावरची आतली भिंत दिलीये का, कारण काही जण ती देतच नाहीत आणि मग टायरचा सगळा चिखल इंजिनवर. मी जाड घेतलं, तरी पत्र्यापेक्षा बरंच हलकं आहे, एकट्याने उचलून बसवता येतं.

"थेट बसतं" असं विकणारा म्हणतो, ते सोडून द्या. दरवाजाजवळची फट दोन्ही बाजूंना सारखी येईपर्यंत कडा घासायच्या, बिजागरी मागेपुढे करायची, परत घासायचं. हे सगळं रंगाच्या आधी. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं मेण अंगावर राहिलेलं असतं, ते नीट पुसलं नाही तर रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे पडतात. आणि लाइटचं अर्थिंग! पत्र्यात ते बॉडीतूनच मिळून जातं, फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याची वेगळी वायर चेसिसपर्यंत ओढा, नाहीतर एक इंडिकेटर लावला की भलताच दिवा मिणमिणतो.

हिवाळा मस्त गेला, गंजाचं टेन्शन शून्य. मोटरवेवर वेग वाढला की मधला भाग थोडा थरथरतो, त्याची सवय होते. उन्हाळ्यात मात्र बॉनेट बंद करायच्या एका बाजूच्या खटक्याजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आल्या, कारण तिथे बोल्टचा सगळा ताण एवढ्याशा जागेवर येतो. नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर महिन्यात परत वर येणार. भेग व्ही आकारात उकरायची, मागच्या बाजूने मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन-तीन थर रेझिनमधे भिजवून लावायचे, मग पुढून गेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत रेझिनचा थर. पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर साधारण १ ते २ टक्के, जास्त टाकलं तर गरम होऊन तडकतं, आणि गॅरेज गार असेल तर धरतच नाही, १५ डिग्रीच्या वर असताना करा. बोल्टखाली रुंद वायसर घातले, तेव्हापासून शांत आहे. घासताना मास्क आणि फुल बाह्या पाहिजेतच, ती धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाज.

गडद रंग करणार असाल तर अजून एक. कडक उन्हात आतल्या मॅटच्या तंतूंची नक्षी रंगातून हलकी दिसायला लागते. माझी हिरवी आहे, तिरकं बघितलं की दिसते. फिकट रंगात कळलीही नसती. इन्शुरन्सवाल्यांना मॉडिफिकेशन म्हणून आधी कळवा.

रोज वापरायची, पावसापाण्यात काढायची गाडी असेल तर बिनधास्त घ्या, जाडच घ्या. शो-बिशोला न्यायची असेल तर पत्र्याचंच दुरुस्त करा. आणि जुनं पत्र्याचं बॉनेट भंगारात देऊ नका, पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.