पास-थ्रू क्रिम्पिंग टूल: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून

इंटरनेटच्या केबलच्या टोकाला प्लास्टिकचा कनेक्टर दाबून बसवायचं हे टूल चांगलं आहे. पण घरात एक राऊटर आणि एकच केबल असेल तर घेऊ नका, कनेक्टर मारून देणाऱ्याला बोलवा. ज्यांच्याकडे चार-पाच केबली सतत ओढल्या-वाकवल्या जातात, त्यांच्यासाठी पुढचं लिहितोय.

अमळनेरात आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. गच्चीवर वायफाय रेडिओ, तिथून खाली लाईन, एक लाईन शेजारच्या क्लासला. कनेक्टर तुटला की माणूस "संध्याकाळी येतो" म्हणायचा, आणि पीक विम्याच्या दिवसांत दारातली गर्दी विचारायची, "नेट चालू शे का भो?" म्हणून उन्हाळ्याआधी हा संच मागवला. पास-थ्रू टूल, आवरण सोलायचा स्ट्रिपर, टेस्टर आणि कनेक्टरची पिशवी, सगळं पंधराशेच्या आत.

साध्या कनेक्टरमध्ये आठही तारा अगदी सारख्या कापून आत ढकलाव्या लागतात. एक जरी आखूड राहिली तर ती टोकापर्यंत पोचत नाही, आणि ते दाबल्यावरच कळतं. पास-थ्रू कनेक्टरला पुढून भोकं असतात. तारा आरपार बाहेर येतात, रंग डोळ्यांनी तपासायचे आणि मग दाबायचं. पिना तारांत घुसतात आणि बाहेरची शेपटं टूलचं पातं त्याच दाबात कापतं. क्लिप खाली, भोकं आपल्यापासून लांब धरून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जुन्या वायरिंगमध्ये मात्र आधी दुसऱ्या टोकाचा क्रम बघा. तिथे हिरवा आणि नारिंगी अदलाबदल केलेले असतील तर इथेही तसंच मारायचं.

या सोयीत एक खोच आहे. तारा आरपार काढायच्या म्हणून दीड-दोन इंच सोलतो, आणि रंग जुळले या आनंदात लगेच दाबतो. दाबण्याआधी तारा पुढून ओढून बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत आलंच पाहिजे. मागची प्लास्टिकची पाचर आवरणावर बसते आणि केबलचा ओढा तीच सोसते. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण त्या बारीक तारांवर येतो. बाहेरच्या माणसाने पूर्वी मारलेले बरेच कनेक्टर आमच्याकडे नेमके याच कारणाने गेले होते. शिवाय आतल्या तारा दोन-दोनच्या जोडीने पिळलेल्या असतात, तो पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडलेला राहायला नको. आवरण आत आलं की तेही आपोआप साधतं. आणि रबरी बूट, म्हणजे कनेक्टरच्या मागचं टोपण, आधी केबलवर ओवा; नंतर आठवला तर कनेक्टर कापावाच लागतो.

संचातले कनेक्टर कॅट ५ई या केबलच्या प्रकाराचे निघाले. कॅट ६ ची जाडी तार त्यांत अडते, म्हणून त्या केबलसाठी वेगळं पाकीट आणलं. वेबसाइटवर हे कुठेच स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

मला या संचात सगळ्यात जास्त आवडला तो टेस्टर. ९ व्होल्टची बॅटरी, दोन डबे, १ ते ८ दिवे ओळीने लागतात. क्लासवाल्या सरांचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण स्पीड ९४-९५ च्या पुढे जाईना. कंपनीशी वाद घालून झाला, राऊटर बदलायचंही ठरत आलं होतं. टेस्टर लावला तर ७ नंबरचा दिवा मेलेला. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ एवढ्याच तारा पुरतात, त्यामुळे नेट चालूच राहतं आणि कुणाला शंका येत नाही. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. टोक कापून नवा कनेक्टर मारला, विषय संपला.

पण टेस्टर फक्त तार जोडलेली आहे की नाही एवढंच सांगतो. दोन्ही टोकांना सारखाच पण चुकीच्या जोड्यांचा क्रम मारला असेल तर दिवे नीट लागतात, तरी नेट तुटत राहतं. आणि गच्चीवरच्या रेडिओला किंवा कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज जात असेल तर अडॅप्टर काढल्याशिवाय ना टेस्टर लावा, ना टूल. अशा केबलमध्ये रंग चुकला तर रेडिओ जळू शकतो.

आता आपल्या उन्हाचं. मे महिन्यात खान्देशात पारा ४५ ला टेकतो, आणि घरातल्या वापराची करडी केबल गच्चीवर पापडासारखी तडकते. पावसात पाणी त्या फटीतून आत उतरतं, पिनांवर हिरवट थर धरतो. अशा केबलला कितीही नवे कनेक्टर मारा, पुढच्या सरीला पुन्हा तेच. बाहेरून जाणारी लाईन काळ्या, उन्हासाठीच्या आवरणाची टाकली, तेव्हापासून तिच्या कनेक्टरला हात लावावा लागलेला नाही. स्वस्त केबलची तार ब्लेडने खरवडून बघा. आत चांदीसारखं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. ते दोन-तीनदा वाकवलं की तुटतं, तिथे टूलचा दोष नाही.

टूलचा खरा दोष पात्यात. पावसाळ्यापर्यंत ते बोथट झालं. आता तारांची टोकं कनेक्टरच्या तोंडाशी किंचित बाहेर राहतात, ती पोर्टच्या पत्र्याला टेकू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी कटरने साफ करतो. पातं दोन स्क्रूंवर आहे, बदलता येतं, पण विकणाऱ्याकडे सुटं नाही. स्ट्रिपर तर कामाचाच नाही. आतल्या तारांना चिरा पाडतो, मी साधं ब्लेड वापरतो.

पाचपैकी चार तारे. घेताना जास्तीचं पातं सोबत आहे का ते आधी विचारा.