मंडळीबाहेरच्या माणसाने पाहिलेला चर्चचा येता हंगाम

आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या जुन्या चर्चच्या फलकावर गेल्या आठवड्यात नव्या हंगामाचे पत्रक लागले. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या आठवड्यांचा, पहिला रविवार २९ नोव्हेंबर २०२६ रोजी आहे आणि पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, २८ मार्च २०२७ रोजी. या चार महिन्यांत मंडळीत जे जे होणार आहे ते सारे एका पानावर दाटीवाटीने छापले आहे. मी या मंडळीचा सभासद नाही आणि ख्रिस्तीही नाही. तीन वर्षांपूर्वी मुलगी दहावीला असताना चर्चच्या अभ्यासिकेत बसू लागली, तिला रात्री आणायला म्हणून मी फाटकाशी उभा राहू लागलो, आणि तेथून हळूहळू आत गेलो. त्यामुळे पुढील मजकूर आतल्या माणसाचा नाही, तर शेजाऱ्याचा आहे, एवढे लक्षात घेऊनच तो वाचावा. चर्चचे नाव मी घेत नाही, कारण काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, समक्ष सांगून झाल्या आहेत.

या इमारतीला पुष्कळ सोलापूरकर सरसकट कॅथेड्रल म्हणतात, ते बरोबर नाही. कॅथेड्रल हे बिशपच्या आसनाचे चर्च असते. ज्या शब्दावरून ते नाव आले त्या ‘कॅथेड्रा’चा अर्थच आसन असा आहे. सोलापूरचे कॅथलिक बांधव पुणे धर्मप्रांतात मोडतात आणि त्यांचे कॅथेड्रल पुण्यातील सेंट पॅट्रिक्स हे आहे, म्हणजे धर्मप्रांताचा मोठा सोहळा अनुभवायचा तर पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस गाठावी लागते. आमच्या शेजारचे चर्च प्रॉटेस्टंट वळणाचे आहे. १८१३ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे नगरमार्गे सोलापुरापर्यंत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून ते उभे राहिले, आणि सहा वेगवेगळ्या संप्रदायांनी एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे जे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले, त्यात आज ते आहे. यंदा आगमनकाळाचा पहिला रविवार नेमका त्याच तारखेला येतो. पत्रकात मात्र याचा उल्लेख नाही, तो एका ओळीत तरी करता आला असता.

पत्रक वाचण्याची माझी रीत आता ठरून गेली आहे. ज्या कार्यक्रमापुढे व्यासपीठ, प्रमुख पाहुणे आणि ध्वनिक्षेपक यांची चाहूल लागते तो मी सोडून देतो, आणि ज्यात मंडळी स्वतः काही करते तो वहीत टिपून ठेवतो. ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती लोक चर्चसाठी वापरतात, इमारतीसाठी नव्हे तर माणसांसाठी, आणि हा फरक ध्यानात आला की पत्रकातील निम्मी गर्दी आपोआप गळून पडते.

यात सर्वांत वर मी गायन ठेवीन. रविवारच्या उपासनेत ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील चार-पाच गीते होतात आणि ती गायकवृंद एकटा गात नाही, सारे सभागृह गाते. गीताचा क्रमांक पुकारला की पाने उलटल्याचा आवाज येतो, पेटीवर स्वर मिळतो, आणि मागच्या बाकावरच्या आजींपासून बाहेर बूट काढत असलेल्या मुलापर्यंत सगळे एकाच ओळीत शिरतात. या गीतांपैकी अनेक रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या आणि १९१९ साली निधन पावलेल्या या कवीने परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरे बाजूला ठेवून ओवी, अभंग आणि भजन यांचे वळण ख्रिस्ती उपासनेत आणले, त्यामुळे वारकरी घरात वाढलेल्या माणसालाही ती परकी वाटत नाहीत. आमच्या घरी आषाढीला भजन होते. तरीही टिळकांचे एखादे पद चाळीस-पन्नास कंठांतून, झांजेच्या साथीने आणि कोणत्याही सजावटीविना ऐकताना जो संथपणा येतो तो आमच्याकडे उरलेला नाही, हे मला कबूल केले पाहिजे.

येत्या हंगामात दर गुरुवारी संध्याकाळी सातला गायनाचा सराव आहे आणि तो सर्वांना खुला आहे. माझ्या मते रविवारपेक्षा गुरुवार अधिक ऐकण्यासारखा असतो, कारण एखादी ओळ का चुकते, कोठे श्वास घ्यायचा, ‘प्रभू’तला ऊकार किती ताणायचा, यावर तेथे मनमोकळा वाद होतो. एक निवृत्त शिक्षक चाल सांगतात. त्यांना स्वरलिपी येत नाही, सारे त्यांच्या वडिलांच्या तोंडून आलेले आहे. आगमनकाळाच्या चार रविवारी, म्हणजे २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर या दिवशी, नाताळची आनंदगीते न गाता वाट पाहण्याची गीते गावीत असा त्यांचा आग्रह असतो, आणि दर वर्षी तरुण संघ तो आग्रह दुसऱ्याच रविवारी मोडतो.

तक्रार येथेच आहे. गेल्या वर्षापासून तरुणांनी कीबोर्ड आणला असून त्यातील तयार ठेका इतका मोठा लावला जातो की मंडळीचा आवाज त्याखाली दबतो. कीबोर्डला माझा विरोध नाही. पण यंत्राचा ताल माणसांसाठी थांबत नाही, आणि ज्या आजी एक मात्रा मागे गातात त्यांना पेटीवाला सांभाळून घेत असे, तसे ते यंत्र घेत नाही. गेल्या नाताळात तिसऱ्या गीताला त्या गप्प बसल्या होत्या. यंदाच्या पत्रकात महिन्यातील शेवटच्या रविवारी ‘तरुणांची उपासना’ वेगळी दिली आहे, ही तडजोड मला शहाणपणाची वाटते.

नाताळाविषयी फार लिहीत नाही, कारण त्या दिवशी अर्धे शहर रोषणाई पाहायला येते आणि चर्चचा खरा स्वभाव गर्दीत दिसत नाही. जायचेच असेल तर २४ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला जावे. तीत लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील जन्मकथा मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांत आळीपाळीने वाचली जाते, आणि गव्हाणीतल्या बाळाची तीच ओळ तीन वेळा तीन उच्चारांत ऐकताना विणकरांच्या या शहरात आपण नेमके कोठे राहतो ते कळते. त्याआधीच्या आठवड्यात कॅरल गाणारी पोरे घरोघर फिरतात. ती ख्रिस्ती घरांपुरती असतात असा आमच्या गल्लीचा समज होता. पाळकांना सांगितले तेव्हा त्यांनी यंदा आमच्याही दारी येण्याचे कबूल केले. फराळ मात्र त्यांनीच आधी दिला: करंज्या, चिवडा, शंकरपाळी आणि एका डब्यात शेंगांची चटणी. २६ डिसेंबरच्या सांस्कृतिक कार्यक्रमाला मी जाणार नाही. गेल्या वेळी दीड तास पाहुण्यांचे सत्कार झाले आणि नाटुकले करणारी मुले विंगेत झोपली.

जानेवारीचे पान जवळपास रिकामे आहे, ते मला आवडले. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद होतात, आणि त्या दिवसांत सोलापुरात दुसरा कार्यक्रम ठेवणे म्हणजे रिकाम्या खुर्च्या मोजणे होय. मंडळीतलीच अनेक मुले यात्रेतल्या पाळण्यात असतात.

अभ्यासिका मात्र यात्रेतही बंद राहत नाही. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत संध्याकाळी सहा ते दहा मुलांना बसता येते, शुल्क नाही, आणि धर्म, जात किंवा शाळा विचारली जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असल्याने वेळ अकरापर्यंत वाढवला जाईल, असे पत्रकात आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात ज्यांचे घर आहे अशा मुलांसाठी शांतता ही वस्तू विकत मिळत नाही. माझ्या मुलीने गणिताचा सगळा अभ्यास तेथे केला. तेथे कोणी प्रार्थना करायला लावत नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आमच्या नातेवाइकांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. उणीव एकच: पुस्तके जुनी आहेत, काही तर अभ्यासक्रम बदलण्यापूर्वीची आहेत, आणि पंख्याखालच्या सहा जागांसाठी चुरस असते.

आता या हंगामातील ज्या दिवसाची मी मनापासून वाट पाहतो त्याविषयी. ७ फेब्रुवारीच्या रविवारी आभारप्रदर्शनाची उपासना आहे. खेड्यांशी नाते टिकवून असलेली कुटुंबे त्या दिवशी शेतातले पहिले उत्पन्न वेदीपुढे आणून ठेवतात: ज्वारीची कणसे, हरभऱ्याचे डहाळे, करडई, डाळिंबे, भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. ज्यांचे शेत नाही त्या बायका घरची कडक भाकरी किंवा लोणचे आणतात, आणि एका वर्षी एका विणकराने चादर आणली होती. उपासना आटोपल्यावर अंगणात या साऱ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. लिलाव पुकारणारे गृहस्थ एरवी बँकेत अतिशय मोजके बोलतात. त्या दिवशी मात्र ते मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे असे वर्णन करतात की ऐकणाऱ्याला हुरड्याचा वास यावा. खरी मौज अशी की बोली जिंकलेला माणूस वस्तू घरी नेत नाही, तर ती परत देतो, आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. गेल्या वर्षी एकच भोपळा चार वेळा विकला गेला आणि शेवटी तो एका विधवा बाईंच्या पिशवीत गेला, हे सगळ्यांनी पाहिले आणि कोणी बोलले नाही. मी दोनदा बोली लावली. बाहेरचा म्हणून कोणी अडवले नाही. उलट पुकारणाऱ्याने ‘शेजारचे साहेब’ म्हणून आवाज चढवला, त्यामुळे डाळिंबे मला बाजारभावाच्या तिप्पट पडली. सुट्टे पैसे घेऊन जावे.

त्यानंतर तीनच दिवसांनी, १० फेब्रुवारीला, भस्म बुधवार येतो आणि रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. या काळात दर शुक्रवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा होतात. त्या कुटुंबाच्या आमंत्रणाच्या असल्याने त्यांवर मी मत देणे योग्य नाही. २६ मार्चच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन या वेळेत येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. कल्पना गंभीर आहे, मधल्या शांततेत गायिलेली पदे तर वर्षातली सर्वोत्तम. पण सोलापुरातील मार्चअखेरची दुपार, पत्र्याखालचा मागचा भाग आणि वेळेचे भान सुटलेले वक्ते यांमुळे गेल्या खेपेस तीनचे सव्वाचार झाले आणि एका ज्येष्ठ बाईंना भोवळ आली. पाण्याची सोय तेव्हा फक्त फाटकाशी होती. यंदा प्रत्येकाला पंधरा मिनिटांची मर्यादा घातली आहे, असे सांगतात. तरीही जाणाऱ्याने पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि पूर्वेकडच्या खिडकीलगतचे बाक धरावे.

ईस्टरच्या पहाटे मंडळी दफनभूमीत जमते. अंधारात प्रत्येक कुटुंब आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावते, उजाडू लागले की एक गीत होते आणि सगळे एकमेकांना सलाम करून घरी जातात. मी एकदाच गेलो, फाटकापाशीच थांबलो. तो कार्यक्रम पाहण्याचा नाही.

पत्रकाच्या छपाईविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण बाहेरच्या माणसाचा पहिला संबंध त्याच्याशी येतो. त्यात तारखा अचूक आहेत, वेळा मात्र निम्म्याच दिल्या आहेत; कोणत्या कार्यक्रमाला कोणीही यावे आणि कोणता फक्त सभासदांचा, हे कोठेच लिहिलेले नाही. मंडळीतल्यांना ते माहीत असते, म्हणून लिहावेसे वाटत नाही. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी असते आणि त्यात बाहेरच्याने पुढे न जाता बाकावरच बसावे, हे मला पहिल्या वेळी कोणी सांगितले नव्हते. मी रांगेत उभा राहिलो, आणि शेजारच्या काकांनी अगदी हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून, मला मागे बसवले. त्यात अपमान नव्हता, पण एक ओळ छापली असती तर त्यांचाही संकोच वाचला असता. हे मी सुचवले आहे. पुढच्या पत्रकात येईल असे पाळक म्हणाले.

गुरुवारच्या सरावाला जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की ‘उपासना संगीत’च्या जादा प्रती दाराजवळच्या कपाटात आहेत, पण त्या आठच आहेत आणि त्यांतील दोन प्रतींची शेवटची पाने गळाली आहेत. सातला पाच मिनिटे असताना पोहोचल्यास चांगली प्रत मिळते. उशीर झालाच, तर मागच्या बाकावरच्या आजींच्या शेजारी बसावे. त्यांना पुस्तक लागत नाही, त्या आपले पुस्तक पुढे करतात.