शिक्क्यावर ‘मंच’ लिहिले होते

मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. शिक्का, सही, तारीख आणि पावती क्रमांक तपासणे हे माझे रोजचे काम आहे आणि तरीही एका माणसाने बनावट शिक्क्याचा कागद दाखवून माझ्याकडून 96,600 रुपये नेले. लिहिताना लाज वाटते. पण त्याचा सगळा धंदा या लाजेवरच चालत होता, म्हणून लिहिते आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये एका खाजगी रुग्णालयात व्हॅक्यूम लावून माझी प्रसूती झाली. टाके घातले गेले आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडले. पुढे वायू रोखता येईना, मग पातळ शौचही आवरेना. त्याच रुग्णालयात दोनदा दाखवले, तेव्हा ‘पहिलटकरणीला असे होते, टाके भरले की थांबेल’ असे सांगितले गेले. सासूबाईही तेच म्हणाल्या. पावणेदोन वर्षे मी पिशवीत कपड्यांचा जादा जोड घेऊन कामावर जात होते. अखेर पुण्यातील एका सर्जननी गुदमार्गातून सोनोग्राफी केली आणि 26 मे 2023 च्या अहवालात कारण सापडले: मलद्वार आवळून धरणारा स्नायू प्रसूतीतच फाटला होता, वरची त्वचा तेवढी शिवली होती आणि आतली फाट तशीच राहिली होती. टाके घालण्यापूर्वी गुदद्वारात बोट घालून नीट तपासले असते, तर ती बहुधा तेव्हाच लक्षात आली असती, असे ते म्हणाले.

जुलैमध्ये शेजाऱ्यांच्या ओळखीतून तो आमच्या घरी आला. कार्डावर ‘वैद्यकीय दावा सल्लागार’ असे छापले होते. भरपाई मिळाल्यावर वीस टक्के त्याचे आणि तोवर फक्त खर्च आमचा, असा बोलीचा व्यवहार ठरला. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे, हे मला फार उशिरा कळले. तो तर वकीलही नव्हता. मला मात्र त्याचे एकच वाक्य पुरेसे झाले: “ताई, तुम्हाला एकदाही कुणापुढे उभे राहावे लागणार नाही.” आमचे गाव लहान आहे. वकिलाच्या कार्यालयात चार पक्षकार बसलेले असताना माझा आजार कोणत्या शब्दांत सांगायचा होता? जे मला भोळी म्हणतात, त्यांनी एकदा हे सांगून पाहावे.

फाइल उघडण्याचे 5,100, तज्ज्ञांच्या मताचे 18,000 (त्या मतावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकच नव्हता), नोटीस आणि शपथपत्राचे 12,000 रुपये गेले. त्यानंतर वीस लाखांच्या दाव्यावरची ‘कोर्ट फी’ म्हणून त्याने 26,500 रुपये घेतले आणि पावती दिली. तिच्यावरचा गोल शिक्का मी वाचला. त्यावर ‘जिल्हा ग्राहक तक्रार निवारण मंच’ असे होते. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाल्यापासून ‘मंच’ जाऊन ‘आयोग’ आला आहे, हे मला ठाऊक होते, कारण आमच्या पतसंस्थेला आलेल्या एका नोटिशीवर मी तो शब्द स्वतः वाचला होता. क्षणभर बोट त्या शब्दावर थांबले. मग मनात आले, लोक अजूनही ग्राहक मंचच म्हणतात, जुना शिक्का वापरत असतील. कामावर असा कागद आला असता, तर मी तो परत पाठवला असता. घरी मात्र मी तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला.

ती फी मुळात लागतच नव्हती. आयोगाची फी मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते आणि ती रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर काहीच भरावे लागत नाही. माझे रुग्णालयाचे बिल 68,400 रुपयांचे होते. शिवाय स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन केला असता, तरी हे समजले असते.

9 मार्च 2024 रोजी ‘रुग्णालय तडजोडीला तयार आहे’ म्हणून त्याने शेवटचे 35,000 नेले. त्यानंतर फक्त ‘तारीख पुढे गेली’ एवढेच ऐकायला मिळाले, आणि पुढे फोन बंद झाला. 16 जून 2025 रोजी मी स्वतः आयोगाच्या कार्यालयात गेले. त्या क्रमांकाचे प्रकरण तिथे नव्हतेच. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. आजार कळल्याच्या दिवसापासून मोजली, तरी ती तीन आठवड्यांपूर्वीच संपली होती. त्याने पैसे नेले त्यापेक्षा हे दिवस नेले, याचा राग मला अधिक आहे. तुमचे प्रकरण दाखल झाले आहे असे कोणी सांगितले, तर क्रमांक घेऊन त्याच आठवड्यात आयोगात विचारा. त्याला पैसे लागत नाहीत.

पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगून तासभर बसवून ठेवले. मग भरल्या खोलीत हवालदारांनी मोठ्याने विचारले, “जखम नेमकी कुठे?” पैसे यूपीआयने गेले म्हणून सायबर शाखेकडे पाठवले; माणूस घरी येऊन भेटला होता, म्हणून सायबर शाखेने ठाण्याकडे परत पाठवले. पुढे एक अधिकारी कलम कोणते लावायचे, जुने की नवे, यावर अडून बसले. पैसे 1 जुलै 2024 ला नवा कायदा लागू होण्यापूर्वी घेतलेले असल्यामुळे जुन्या भारतीय दंड संहितेचे फसवणुकीचे कलम 420 लागते, हे मला त्यांना सांगावे लागले. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्येच सांगितले आहे. माझ्या अर्जावर मात्र ‘चौकशीवर’ एवढाच शेरा पडला. बार कौन्सिलने, तो वकील नसल्याने आमच्या कक्षेत येत नाही, असे कळवले. लबाडाने सनद घेतली असती, तर निदान कोणाच्या तरी कक्षेत आला असता.

आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका. माझे केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड त्याच्याकडे गेले ते गेलेच. रुग्णाने मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे आता मोफत मिळालेल्या वकीलबाईंनी मला दाखवले. त्यांनी विलंब माफीचा अर्ज तयार केला आहे. त्यातील ‘विलंबाचे कारण’ या परिच्छेदासाठी तो शिक्का मारलेला कागदच जोडला आहे. रुग्णालयाकडे नोंदींची मागणी स्पीड पोस्टाने पाठवली होती. पोचपावती आली आहे, नोंदी अजून आलेल्या नाहीत.