एकच काम करणारे प्लगिन, एक फुकट आणि एक पंधरा हजाराचा, असं का? (माझ्या वापरातल्या चार-पाचचा रिव्ह्यू)

घरच्या छोट्या स्टुडिओत अभंग, भावगीतं रेकॉर्ड करतो. प्लगिन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, आणि शिकायला येणारा प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारतो की दादा ईक्यू तर ईक्यूच ना, मग एक फुकट आणि दुसरा १७९ डॉलरला कसा? म्हणून जे रोज वापरतो त्याबद्दलच लिहितोय.

आधी ईक्यू, म्हणजे आवाजातला जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारा प्लगिन. फॅबफिल्टर कंपनीचा प्रो-क्यू ४ म्हणजे ते १७९ डॉलर, आणि टोकियो डॉनचा नोव्हा एकदम फुकट. साधा आवाज कापायचा-वाढवायचा असेल तर दोघांत कानाला फरक जाणवत नाही, कारण त्यामागचं गणित कित्येक वर्षांपासून सगळ्यांना माहितीये. नोव्हा तर डायनॅमिक पण आहे, चार बँड (आवाजाच्या चार पट्ट्या) आहेत, टाळ जोरात वाजला की तेवढ्यापुरताच वरचा कर्कशपणा दाबतो आणि टाळ थांबला की गायकाच्या आवाजाची चमक परत येते, अभंगाच्या मिक्सला अजून काय पाहिजे. मग प्रो-क्यूचे पैसे कशाचे? तर हाताच्या वेगाचे. पेटी आणि गळा कुठे एकमेकांवर चढतायत ते स्क्रीनवर दिसतं, माऊसने ओढलं की झालं, दिवसाला दोन-तीन गाणी मिक्स करणाऱ्याचे तासन्‌तास वाचतात. महिन्याला एक गाणं करत असाल तर नोव्हाच घ्या, मनापासून सांगतोय.

रिव्हर्बमध्ये (आवाजाला हॉलसारखा घुमारा देणारा प्लगिन) मात्र मी पैसे मोजलेत आणि परत मोजेन. वल्हालाचा व्हिंटेज व्हर्ब, ५० डॉलर. सेल नाही, दिवाळी ऑफर नाही, आज घ्या नाहीतर दोन वर्षांनी घ्या, ५० म्हणजे ५०. छोटी कंपनी आहे, जाहिरातीवर खर्च दिसत नाही, आणि आवाज असा की तानपुरा मागे पसरतो पण शब्द गढूळ होत नाहीत. त्यांचाच सुपरमॅसिव्ह तर २०२० पासून फुकट आहे, आलापाच्या मागे टाकून बघा.

आता दुसरं टोक म्हणजे स्पिटफायरचा बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे खऱ्या वाद्यवृंदाचे रेकॉर्ड केलेले सूर कीबोर्डवर वाजवायला देणारा प्लगिन. त्याच्या प्रोफेशनल व्हर्जनची लिस्ट प्राइस ९९९ डॉलर, आणि मला ती महाग वाटत नाही, कारण लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत ९९ वादक बसवून एकेक सूर कितीतरी माइकवर रेकॉर्ड केलाय, वादक, स्टुडिओ, इंजिनिअर, एडिटिंग सगळ्याचे पैसे त्यात आहेत. आणि त्याचंच लहान डिस्कव्हर व्हर्जन फुकट मिळतं, माझं अजूनपर्यंत त्याच्यावरच भागतंय. व्हायटल या सिंथचं (कॉम्प्युटरवर नवे आवाज तयार करणारं वाद्य) उलटं आहे, फुकटवाल्यात इंजिन पूर्णच मिळतं, पैसे जास्तीच्या प्रीसेट (तयार आवाज) आणि वेव्हटेबलचे (आवाज बनवायचा कच्चा माल).

खरा घोळ आहे तो सेलवाल्या कंपन्यांचा. प्लगिनची हजारावी कॉपी बनवायला खर्च जवळपास शून्य, त्यामुळे लिस्ट प्राइस नुसती मोठी लिहून ठेवायची आणि वर्षभर ऑफर चालू ठेवायची हे त्यांना परवडतं. एका कंपनीचा कंप्रेसर (आवाजातला चढ-उतार आवरणारा प्लगिन) मी १४९ डॉलरला घेतला आणि तीन आठवड्यांनी तोच २९ ला होता, सपोर्टला मेल केला तर पॉलिसी म्हणून हात वर केले. पुढे नवीन मॅक घेतला तर त्याच्यावर चालायला अपडेटचे पैसे वेगळे! अपडेटसाठी डेव्हलपरला राबावं लागतं हे मान्य, ॲपलने २०२० मध्ये चिप बदलली तेव्हा सगळ्यांनाच काम पडलं, पण कितीतरी छोट्या कंपन्यांनी ते जुन्या ग्राहकांना फुकट दिलं.

सबस्क्रिप्शनचंही तेच, आधी नीट वाचा. वेव्ज या प्लगिन कंपनीने मार्च २०२३ मध्ये फक्त सबस्क्रिप्शन ठेवायचं जाहीर केलं, लोक इतके भडकले की काही दिवसांतच कायमचं लायसन्स परत आणावं लागलं.

आणि आपल्याकडून घेताना डॉलरचा आकडा बघून थांबू नका, बऱ्याच साइट शेवटच्या पानावर १८ टक्के जीएसटी लावतात, वर कार्डाचा फॉरेक्स चार्ज. डेमो जवळपास सगळे देतात, तो स्वतःच्याच गाण्यावर आठवडाभर चालवा, आणि किंमत सतत खालीवर होणारा प्लगिन असेल तर नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेपर्यंत थांबा.